दोन बोटे उंच

वर्तमानपत्रातील वधू-वरांच्या छोट्या जाहिराती मी आवडीने वाचते. भाषणांत आणि परिसंवादांत माणसे जे बोलतात त्यापेक्षा या तीन-चार ओळींत ती अधिक खरे बोलतात, असा माझा अनुभव आहे. शब्दाशब्दाला पैसे मोजावे लागत असल्यामुळे इथे पाल्हाळ नसतो. अगदी अत्यावश्यक वाटते तेवढेच छापले जाते. या जाहिरातींची भाषा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ बदलली. 'गृहकृत्यदक्ष' जवळजवळ गेली, 'नाकीडोळी नीटस' गेली, 'सुस्वरूप' मात्र अजून चिवटपणे टिकून आहे. पूर्वी 'नोकरी करणारी चालेल' असे असायचे. मग 'नोकरी करणारीस प्राधान्य' आले. आता 'उच्चशिक्षित, नोकरी करणारीच हवी' असे असते. हा बदल लहान नाही. 'चालेल' या क्रियापदात जी मेहेरबानी होती ती गेली आणि तिच्या जागी गरज आली. शहरातल्या घराचे हप्ते एका पगारात भागत नाहीत हे त्यामागचे कारण असेल. पण बदल तो बदलच.

मात्र एका बाबतीत या जाहिराती तसूभरही हललेल्या नाहीत. वर हा वधूपेक्षा थोडा जास्तच हवा. वयाने तीन-चार वर्षे, उंचीने चार-सहा इंच, शिक्षणाने एखादी पदवी आणि पगाराने तर हवाच हवा. फार जास्तही नको, कारण मग तो डोईजड होतो. पण बरोबरीचा नको आणि कमी तर मुळीच नको. माझ्या ओळखीच्या एक वृद्ध बाई याला 'दोन बोटे उंच' म्हणत असत. 'नवरा कसा, दोन बोटं उंच असावा. मान वर करून बघावं लागलं म्हणजे आदर राहतो.' स्त्री-पुरुष समतेविषयी आपण जे लिहितो, बोलतो, कायदे करतो, ते बहुतेक सगळे लग्नानंतरच्या घराविषयी असते. त्या घरातली असमानता मात्र पुष्कळदा त्याच्या फार आधी, 'कोण आवडतो?' आणि 'कोण आवडते?' या प्रश्नांच्या उत्तरांतच ठरून गेलेली असते. ही दोन बोटे आपण हौसेने निवडतो आणि पुढे आयुष्यभर त्यांचे व्याज भरतो.

एका वधू-वर सूचक मंडळात मी काही वर्षे रविवारी सकाळी बसते. काम बिनपगारी, पण करमणूक आणि शिक्षण दोन्ही होते. तिथल्या अर्जाच्या शेवटी 'अपेक्षा' असा एक रकाना आहे. मुलींच्या अर्जांत अलीकडे तिथे सुरेख वाक्ये असतात : 'समजूतदार, माझ्या करिअरला पाठिंबा देणारा, घरकामात बरोबरीने वाटा उचलणारा.' आणि लगेच खालच्या ओळीत : 'उंची किमान पाच फूट आठ, पगार माझ्यापेक्षा जास्त.' मुलांच्या अर्जांत 'आधुनिक विचारांची, स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाची, पण घर सांभाळणारी' असे असते. त्यातला 'पण' दिसायला छोटासा, तरी पुढचा सगळा संसार त्याच्यावरच उभा राहायचा असतो. मुलगी एम.डी. असेल तर एम.बी.बी.एस. मुलगा आपणहून मागे सरतो. 'तिचं शिक्षण जास्त आहे हो, आमच्या मुलाला न्यूनगंड येईल,' असे त्याची आई सांगते. न्यूनगंड येईल की नाही हे मुलाला कोणी विचारलेलेच नसते. मुलीची आईही दुसऱ्या टोकाने तेच म्हणते : 'त्याचं शिक्षण कमी, उद्या तो हिच्यावर राग काढेल.' दोघीही संसार केलेल्या, चार घरे पाहिलेल्या बायका. त्यांचा अंदाज अगदीच निराधार असतो असेही म्हणवत नाही.

उंचीचे तर काय सांगावे! पगार वाढतो, पदवी घेता येते. उंचीला इलाज नसतो. आमच्याकडेच जमलेल्या एका लग्नात वधू वरापेक्षा इंच-दीड इंच उंच होती. दोघांना त्याचे काही वाटत नव्हते. स्वागत-समारंभात फोटोग्राफरने मात्र कोणालाही न विचारता नवऱ्या मुलाच्या पायाखाली एक लाकडी पाट सरकवला. शालूच्या काठाने तो पाट नीट झाकला गेला आणि अल्बममध्ये सगळे कसे रीतसर दिसते आहे. फोटोग्राफर पंचविशीतला पोरगा होता. हे त्याला कोणी शिकवले असेल? बहुधा कोणीच नाही. शेकडो जोडपी भिंगातून पाहता पाहता 'जोडा शोभतो' म्हणजे काय, हे त्याच्या डोळ्यांत पक्के बसले होते, इतकेच.

हे सारे ठरवून केलेल्या लग्नांचे झाले. जी मुले-मुली स्वतः एकमेकांना निवडतात त्यांच्यात असे नसणार, असे आपल्याला वाटते. मलाही ते वाटायला आवडले असते. पुण्यात कुठल्याही चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. आठवडाभर स्वतःची स्कूटर गर्दीतून शिताफीने हाकणारी मुलगी रविवारी 'त्याच्या'बरोबर निघाली, की आपल्याच गाडीची किल्ली त्याच्या हातात देते आणि मागे बसते. त्याला गाडी तिच्यापेक्षा चांगली चालवता येते असे मुळीच नाही. पण तो मागे बसला आणि ती पुढे, तर सिग्नलला थांबलेले चार लोक हसतात, आणि ते हसू त्याला लागते. त्याला लागलेले तिला दिसते. म्हणून ती किल्ली देऊन टाकते. प्रेमापोटीच देते. यात काही जुलूम आहे असे म्हटले तर दोघेही आपल्याला वेड्यात काढतील.

आपल्या भाषेनेही याची उत्तम सोय करून ठेवली आहे. कॉलेजात चार वर्षे एकमेकांना 'अरे' आणि 'अगं' म्हणणाऱ्या जोडप्याचे लग्न ठरते. तो पुढेही 'अगं'च म्हणतो. तिला मात्र सासूबाईंसमोर 'अहो' म्हणावे लागते. पुष्कळ घरांतून हे आता गेले, पण पुष्कळ घरांतून नाही. काही मुली मधला मार्ग काढतात : खोलीत 'अरे', दिवाणखान्यात 'अहो'. दिवसातून पंधरा वेळा दार ओलांडताना त्या मनातल्या मनात क्रियापद बदलतात. एका मुलीने मला सांगितले, 'काकू, पहिल्यांदा गंमत वाटली. मग एके दिवशी भांडताना माझ्या तोंडून 'तुम्ही' गेलं, आणि मला कळलं की आता मी भांडूच शकत नाही. 'अहो' म्हणून कोणी भांडतं का?' व्याकरणाच्या पुस्तकात आदरार्थी अनेकवचनाचा हा उपयोग दिलेला नसतो.

प्रियकराच्या गुणांसाठी आपण जे शब्द वापरतो तेही पाहण्यासारखे आहेत. 'रांगडा' ही स्तुती आहे. 'त्याचा कसा धाक वाटतो' हेसुद्धा कौतुकाने म्हटले जाते. 'गरीब स्वभावाचा' हे मात्र जावयाचे कौतुक आणि प्रियकराची निंदा! 'तो खूप चांगला आहे, पण...' असे म्हणून थांबणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या 'पण'च्या पुढे काय, हे खोदून विचारले की उत्तर येते, 'तो सगळ्यालाच हो म्हणतो,' 'त्याला काही ठाम मतच नाही.' मग ठाम मत असलेला सापडतो. त्याचे ठाम मत सुरुवातीला राजकारणाविषयी असते, सिनेमाविषयी असते. पुढे ते तिच्या कपड्यांविषयी, मैत्रिणींविषयी आणि माहेरी किती दिवस राहावे याविषयी असते. मत तेच, ठामपणाही तोच.

या आवडीचा आपल्याकडचा इतिहास लांबवर जातो. १८७३ साली रमाबाईंचे न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. रानडे तिशी ओलांडलेले, पहिली पत्नी वारलेले विद्वान अधिकारी होते. त्यांनी रमाबाईंना शिकवले, घरातल्या बायकांचा विरोध असताना शिकवले, आणि त्यातून पुढे पुणे सेवासदनाच्या रमाबाई घडल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाई पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. गोपाळराव जोशी आनंदीबाईंपेक्षा असेच वयाने पुष्कळ मोठे होते. बायकोने शिकावे हा त्यांचा ध्यास, आणि त्या ध्यासापायी तिच्यावर हात टाकायलाही त्यांनी कमी केले नाही. आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात वारल्या. या पुरुषांचे मोठेपण मी नाकारीत नाही; त्यांच्या काळात बायकोला पाटी-पेन्सिल देणे हेच धाडस होते. पण त्या काळाने आपल्याला सुशिक्षित प्रेमाचा जो नमुना दिला त्यात शिकवणारा तो आणि शिकणारी ती होती. पुढे आपल्या कादंबऱ्यांतून हाच नायक कधी प्राध्यापक होऊन आला, कधी डॉक्टर, कधी क्रांतिकारक. नायिका हुशार होत गेली, पदवीधर झाली, टेनिस खेळू लागली. पण तिने मान वर करूनच त्याच्याकडे पाहायचे, हे काही सुटले नाही. १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' आले आणि एका अतिशय लाडक्या पुरुषाकडे त्याच्या बायकोने मान सरळ ठेवून पाहिले, तेव्हा कित्येक वाचकांना तो आगाऊपणा वाटला होता. त्या वेळच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

कायद्यानेही ही दोन बोटे मान्य केलेली आहेत. लग्नाचे किमान वय मुलीला अठरा, मुलाला एकवीस. १९७८ च्या दुरुस्तीपूर्वी ते पंधरा आणि अठरा होते; म्हणजे वये वाढली, तीन वर्षांचे अंतर मात्र जपून पुढे नेले. अठराव्या वर्षी मुलगा मत देऊ शकतो, करार करू शकतो. लग्न करू शकत नाही. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या विचारपत्रात हे अंतर निराधार असल्याचे सांगितले, आणि बायको नवऱ्यापेक्षा लहान असली पाहिजे या समजाला त्यामुळे खतपाणी मिळते, असेही म्हटले. मुलींचेही वय एकवीस करण्याचे विधेयक २०२१ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले, ते समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झाले. वय अठरा हवे की एकवीस हा वेगळा वाद. ते सारखे का नको, याचे उत्तर मात्र मला अजून कोणी दिलेले नाही.

आता यावर एक शास्त्रीय आक्षेप नेहमी येतो, तो टाळून चालणार नाही. 'हे निसर्गाचेच आहे,' असे म्हणतात. मादी बळकट, साधनसंपन्न नर निवडते. नर तरुण मादी निवडतो. तुम्ही कशाला मध्ये पडता? डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली सदतीस संस्कृतींतील सुमारे दहा हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि तीत खरोखरच स्त्रियांनी जोडीदाराच्या कमाईला पुरुषांपेक्षा अधिक महत्त्व दिले होते. एवढेच सांगून लोक थांबतात. पुढची गोष्ट अशी, की अ‍ॅलिस इगली आणि वेंडी वूड या दोघींनी १९९९ साली बसचीच आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या देशांत स्त्री-पुरुषांतील विषमता कमी, तिथे हा फरकही कमी, असे त्यांना आढळले. मला ते पटते. ज्या समाजात बाईला स्वतःच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिथे तिने घर आणि जमीन असलेल्या पुरुषावर भाळावे यात निसर्ग किती आणि हिशेब किती? आणि हिशेबच असेल, तर परिस्थिती बदलल्यावर तो नव्याने मांडता आला पाहिजे. आता तिच्या नावावर घर आहे, पगार आहे. आवड मात्र जुन्याच हिशेबाची राहिली आहे.

ही आवड पुढे काय करते, याचे एक फार चांगले चित्र हृषीकेश मुखर्जींच्या 'अभिमान'मध्ये आहे. चित्रपट १९७३ चा. लोकप्रिय गायक सुबीर खेड्यातल्या उमाच्या गळ्यावर भाळतो, तिच्याशी लग्न करतो, आता दोघे मिळून गाऊ असे हौसेने जाहीर करतो. ती त्याच्याहून सरस आहे हे लोकांना कळते, तिला त्याच्यापेक्षा अधिक मागणी येऊ लागते, आणि तिथून घर उसवत जाते. मला या चित्रपटातली सगळ्यांत खरी वाटणारी गोष्ट म्हणजे सुबीर दुष्ट नाही. त्याने तिला गाण्यापासून अडवलेले नाही. उलट तिला मंचावर त्यानेच आणले आहे. तिने घर राखण्यासाठी गाणे सोडले तरीही त्याला बरे वाटत नाही, कारण तिने सोडले यातूनही तीच मोठी ठरते. ज्या गुणावर तो भाळला तोच गुण त्याला सहन होत नाही. हिंदी सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे शेवट गोड झाला. पण त्या गोड शेवटापर्यंत यायला उमाला मूल गमवावे लागले आणि मुकी होऊन बसावे लागले. आपल्या ओळखीच्या किती घरांत हा चित्रपट गाण्यांशिवाय चालू असतो, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

माझ्या पाहण्यात दोघे अभियंते आहेत. लग्नाच्या वेळी तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून चार वर्षे पुढे, म्हणून पगार जास्त. मूल झाले तेव्हा कोणी घरी थांबायचे, हे ठरवायला भांडण झाले नाही. 'ज्याचा पगार कमी त्याने थांबायचं, एवढं साधं गणित आहे,' असे तिनेच मला समजावले. गणित खरोखर साधे होते. फक्त त्यातला कमी पगार हा योगायोग नव्हता. तो स्थळ पाहताना मुद्दाम निवडलेला होता, तिने आणि तिच्या आईवडिलांनी. तीन वर्षांनी ती पुन्हा नोकरीला लागली तेव्हा त्याच्या मागे चार नव्हे, सात वर्षे होती. पुढे त्याची बदली बेंगळुरूला झाली. गणित तेच. घरोघर असे साधे हिशेब होत राहतात आणि मग देशपातळीवरचे आकडे येतात. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे भरला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. यातही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच ही सरासरी आहे. बहुसंख्य पुरुष त्या ८८ मिनिटांतही नाहीत.

मग बायको जास्त मिळवू लागली की हे उलटते का? तिघा अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली अमेरिकेतील कुटुंबांविषयी असे दाखवले, की बायको नवऱ्यापेक्षा अधिक कमावते अशा घरांत घरकामातली तफावत कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण मला हे वाचताना नवल वाटले नाही. ऑफिसात पन्नास माणसांवर हुकूम चालवणारी बाई घरी आल्यावर हौसेने पुरणपोळ्या का करते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. ती पाट सरकवत असते.

'सैराट' सगळ्यांनी पाहिला, त्यावर खूप लिहिलेही गेले. बहुतेक लिखाण जातीविषयी झाले, आणि ते योग्यच होते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला तेव्हा मला त्याच्या आकर्षणाच्या मांडणीने चकित केले होते. इथे बुलेट ती चालवते, ट्रॅक्टर ती चालवते, रोखून ती बघते. लाजतो तो. आर्ची पाटलाची मुलगी, परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. दोन बोटे नव्हे, चांगली हातभर ती त्याच्याहून वर आहे, आणि त्या उंचीवरूनच तिला तो लाजरा, हुशार, कविता करणारा पोरगा आवडतो. आपल्या पडद्यावर असे प्रेम फारसे दिसलेले नव्हते. आणि मग दोघे पळून हैदराबादला जातात. झोपडपट्टीतली खोली, कष्टाची नोकरी, परकी भाषा. तिथे आर्ची कारखान्यात कामाला लागते, चार लोकांशी बोलू लागते, आणि आपला तो लाजरा परश्या संशय घेऊ लागतो, तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते. मग परत येते.

अनेक प्रेक्षकांना हा भाग 'लांबलेला' वाटला. माझ्या मते चित्रपटाचे काळीज तिथे आहे. परश्या बदलला असे मला वाटत नाही. गावात असताना त्याला पुरुष म्हणून काही सिद्ध करायचे नव्हते; ती पाटलीण आहे आणि आपण कोण आहोत हे जगजाहीर होते. हैदराबादेत ते दोघे फक्त नवरा आणि बायको उरतात, आणि नवरा कसा असतो याचा एकच धडा त्याने आयुष्यभर आजूबाजूला पाहिलेला असतो. दुसरा धडा त्याला मिळणार कुठून? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या बायकांचे प्रमाण ४५ टक्के आणि पुरुषांचे ४४ टक्के होते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. समानता म्हणावी तर ही एक आहे!

पुरुषांची बाजू मी सोडून देत नाही. 'बायल्या', 'बायकोच्या ताटाखालचं मांजर', 'हातात बांगड्या भरल्यास का?' ही शिव्यांची पेटी लहानपणापासून त्यांच्या मागे लागलेली असते. त्यातली प्रत्येक शिवी बाईवरून आहे, हे बाईला लागते. पण चाबूक म्हणून ती पुरुषाच्याच पाठीवर पडते. बायकोपेक्षा कमी मिळवणारा, बदलीच्या गावी तिच्यामागे गेलेला, मूल आजारी पडले की रजा घेणारा पुरुष पाहिला की त्याचे मित्र, भाऊ आणि बहुतेक वेळा त्याची आईही हीच पेटी उघडते. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांचीच संस्था तरुण मुलांशी या विषयावर बोलते आहे. पण मुले परत घरी जातात, आणि घरी पेटी तशीच असते.

आणि ज्यांना दोन बोटे उंच होणे परिस्थितीनेच शक्य ठेवलेले नाही, त्यांचे काय? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात एक मोर्चा निघाला होता. मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून तरुण मुले कलेक्टर कचेरीवर गेली. मागणी काय, तर आम्हाला नवरी मिळत नाही. शहरातली वर्तमानपत्रे त्यावर हसली. मला हसू आले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. जन्मू न दिलेल्या मुलींचा हिशेब कधीतरी पुढे यायचाच होता. पण हे एवढेच कारण नाही. शेतकऱ्याच्या मुलीलाही शेतकरी नवरा नको आहे, तिच्या बापालाही नको आहे. पाच एकर कोरडवाहू जमीन, बाजारभावाचा भरवसा नाही. त्यापेक्षा पुण्यातला पंधरा हजारांचा शिपाई बरा. तिने तसे म्हणण्यात काय चूक? तिच्या आईचे हाल तिने पाहिलेले आहेत. त्या घरात शेण-पाणी, स्वयंपाक आणि खुरपणी बाईकडे आणि सातबारा पुरुषाच्या नावावर, अशीच वाटणी असेल तर ती कशाला जाईल? मोर्चातल्या मुलांच्या हातांतल्या फलकांवर सरकारकडे पुष्कळ मागण्या होत्या. 'सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावू' असा फलक मला कुठल्या छायाचित्रात दिसला नाही.

आमच्या मंडळात अलीकडे एक बारीकशी गोष्ट घडते आहे. मुलांच्या अर्जांतल्या त्या 'अपेक्षा' रकान्यात क्वचित एखादा लिहून देतो : 'माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, जास्त पगाराची, वयाने मोठी असली तरी हरकत नाही.' गेल्या काही महिन्यांत असे तीन अर्ज माझ्या हातून गेले. तिघेही चांगले, कमावते, निर्व्यसनी. मी ते अर्ज उत्साहाने तीन-चार घरी दाखवले. पहिला प्रश्न सगळीकडे एकच आला : 'मुलात काही खोट तर नाही ना?' एका मुलीने स्वतःच विचारला. नाही, असे मी सांगितले. ती जरा थांबली आणि म्हणाली, 'मग असं का लिहिलंय त्यानं?' त्यांपैकी एकाचे परवा एका बँक अधिकारी मुलीशी जमले. ती त्याच्याहून दीड वर्षाने मोठी आहे, आणि ते पत्रिकेत कुठे कळू द्यायचे नाही अशी तिच्या वडिलांची अट आहे. बाकीच्या दोघांचे अर्ज अजून फाइलीत आहेत.